लेकराला प्रश्न कसा विचारायचा: एक ते सहा वर्षांच्या मुलांचं बोलणं वाढवण्याची घरगुती रीत

‘हे काय आहे? आणि हे? रंग कोणता? सांग बघू!’ दीड-दोन वर्षांच्या मुलाशी बोलायचं म्हटलं की बहुतेक घरांत ही सरबत्ती सुरू होते. मूल पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देतं, तिसऱ्याला इकडंतिकडं बघतं आणि चौथ्याला उठून चालायला लागतं. मग घरातले म्हणतात, ‘ह्याला बोलायचा कंटाळाच आहे.’ कंटाळा तोंडी परीक्षेचा असतो.

प्रश्नांनी मुलाची भाषा वाढते हे खरं. पण नुसतं विचारून फार काही होत नाही. विचारल्यावर आपण किती थांबतो आणि मुलानं अर्धंमुर्धं काही म्हटलं तर त्यात काय घालून ते परत देतो, सगळी कमाई तिथं आहे. खाली दिलेली रीत सांगली-साताऱ्याकडची घरं आणि अंगणवाड्या डोळ्यांपुढं ठेवून लिहिली आहे. चार्ट, फ्लॅशकार्ड, ॲप यांतलं काही विकत आणावं लागत नाही.

वय बघून प्रश्न

प्रश्नातले शब्द मुलाला एकदम समजत नाहीत. काय, कुठं, कोण हे आधी समजतात. का, कसं, कधी मागाहून येतात. हा क्रम इतर भाषांतल्या मुलांतही बराचसा असाच दिसतो. दोन वर्षांच्या मुलाला ‘का रडतोस?’ विचारलं आणि ते गप्प राहिलं, तर तो हट्ट नसतो. त्याला ‘का’ अजून नीट उमगलेला नसतो.

गळीत हंगामात आपल्याकडच्या कुठल्याही रस्त्यावर दिसणारा उसाचा ट्रॅक्टर घ्या. वस्तू एकच, पण वयाप्रमाणं प्रश्न बदलतो.

एक ते दीड वर्ष: ‘ट्रॅक्टर कुठंय?’ मुलानं मान वळवली, बोट दाखवलं, ‘टॅ’ केलं, तर ते पूर्ण उत्तर धरायचं. या वयात तोंडानं उत्तर मागूच नका. बोट दाखवणं हे बोलण्याच्या आधीचं बोलणंच आहे, आणि बोटाला लगेच शब्द मिळाला की तो शब्द पक्का बसतो: ‘हां, ट्रॅक्टर आला!’

दीड ते अडीच: ‘काय आलं?’, ‘कोण बसलंय?’ आणि दोन पर्यायांचे प्रश्न: ‘ट्रॉलीत माती आहे का ऊस?’ दोन पर्याय दिले की उत्तराचा शब्द मुलाच्या कानावर आधीच पडलेला असतो. त्याला तो शोधावा लागत नाही, फक्त उचलायचा असतो. यात एक मेख आहे. लहान मुलं पुष्कळदा शेवटी ऐकलेला पर्यायच म्हणतात. ‘दूध का पाणी?’ विचारलं की ‘पाणी’, ‘पाणी का दूध?’ विचारलं की ‘दूध’. म्हणून खरं उत्तर आधी ठेवा: ‘ऊस आहे का माती?’ मुलानं तरीही ‘ऊस’ म्हटलं, तर ते समजून म्हटलंय.

अडीच ते साडेतीन: ‘ट्रॅक्टरवाला काय करतोय?’, ‘ट्रॉली कुणाची?’, ‘ऊस कुठं चाललाय?’ इथं उत्तर नावावरून क्रियापदाकडं सरकतं. मुलाला पन्नास वस्तूंची नावं येतात पण वाक्य जुळत नाही, अशी तक्रार असेल तर ‘काय आहे’ बाजूला ठेवून दोन आठवडे ‘काय करतोय’ विचारत राहा. वाक्य क्रियापदाशिवाय उभं राहत नाही, आणि आपण मुलांना नावंच फार शिकवतो.

साडेतीन ते साडेचार: ‘ट्रॉलीला दोरी का बांधली असेल?’, ‘दोरी सुटली तर काय होईल?’ उत्तर चूक आलं तरी चालेल. ‘ऊस पळून जाईल’ हे उत्तर भाषेच्या हिशेबानं अव्वल आहे.

साडेचार ते सहा: ‘ऊस कारखान्यात गेल्यावर पुढं काय होतं?’, ‘बैलगाडीतला ऊस आणि ट्रॉलीतला ऊस, कुणाचा जास्त? तुला कसं कळलं?’ हा ‘तुला कसं कळलं?’ फार गुणी प्रश्न आहे. त्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. ‘कधी’ मात्र जपून विचारा. काल आणि उद्या यांची गल्लत पाच वर्षांपर्यंत चालूच असते, घड्याळ तर त्याहून लांब. ‘मामा कधी आला?’ ऐवजी ‘मामा आला तेव्हा तू जेवला होतास का जेवायचा होतास?’ असं घटनेला धरून विचारलं की मूल अडत नाही.

ही वयं ढोबळ आहेत. मूल तीन वर्षांचं असून एकेका शब्दातच बोलत असेल तर वय विसरा, खालच्या पायरीचा प्रश्न घ्या, आणि शेवटी सांगितल्याप्रमाणं दाखवूनही घ्या. उलट कुणी अडीच वर्षांची पोर ‘का, का’ करून डोकं खात असेल तर तिला वरचे प्रश्न खुशाल विचारा.

एक फेरी

एका प्रश्नाची एक फेरी धरा. आधी मूल कुठं बघतंय ते बघा आणि तिथलंच काहीतरी बोला. मांजराकडं बघणाऱ्या मुलाला फुलाबद्दल विचारलं तर त्याला आधी मांजर सोडावं लागतं, मग फूल शोधावं लागतं, मग शब्द. तेवढ्यात प्रश्नच विसरला जातो. त्याच्या उंचीला बसा. उभ्या माणसाचं तोंड लहान मुलाला दिसत नाही, आणि ओठ बघून आवाज पकडायचं हे वय आहे.

प्रश्न एकच विचारा, छोटा. मग थांबा.

उत्तर आलं की पहिल्यांदा त्याला होकार: ‘हां’, ‘व्हय की’, ‘बरोबर’. ‘शाब्बास, हुशार बाळ माझं’ दरवेळी नको. त्यानं गप्पांचा रोख ट्रॅक्टरवरून मुलाच्या हुशारीवर जातो. होकारानंतर मुलाचेच शब्द घेऊन त्यात एक-दोन शब्द घाला आणि परत द्या. मूल ‘बस’ म्हणालं तर ‘लाल बस आली’. ‘लाल बस आली’ म्हणालं तर ‘कराडची लाल बस आली’. त्यापेक्षा जास्त नको. ‘ही महामंडळाची बस आहे, ती डिझेलवर चालते आणि त्यात कंडक्टर असतात’ एवढं ओतलं तर त्यातलं काही शिल्लक राहत नाही. मूल जितक्या शब्दांत बोलतं त्याच्या एक-दोन शब्द पुढं, एवढंच अंतर ठेवायचं.

मराठीत या जोडण्याला आणखी एक काम असतं. आपल्याकडं शब्दांची रूपं बदलतात आणि मुलं तिथं हमखास अडखळतात. ‘घोडावर बसला’ म्हणालं तर ‘हो, घोड्यावर बसला’. ‘पोळी खाल्ला’ म्हणालं तर ‘पोळी खाल्लीस? संपली सगळी?’ ‘दोन मांजर’ म्हणालं तर ‘अगं हो, दोन मांजरं आहेत’. बरोबर रूप कानावर घाला आणि पुढं चला. ‘घोडावर नाही, घोड्यावर म्हण’ असं दुरुस्त करत बसलं की मुलाचं लक्ष सांगायच्या गोष्टीवरून उडतं, आणि पुढच्या वेळी ते घोड्याचा विषयच काढत नाही. अशा चुका होण्यात काळजीचं काही नाही. ‘दारावर’, ‘झाडावर’ ऐकून मुलानं स्वतःच नियम काढलेला असतो आणि तो ‘घोडा’ला लावलेला असतो.

फेरी संपली. पुढचा प्रश्न लगेच नको. मध्ये दोन-तीन साधी वाक्यं आपली असू द्या: ‘केवढा आवाज करतोय.’ ‘धूळ उडाली बघ.’ एका प्रश्नामागं दोन-तीन बोलणी, हे प्रमाण धरलं की गप्पा गप्पांसारख्या राहतात. मुलं अशा साध्या वाक्यांनाही उत्तर देतात, कधीकधी प्रश्नापेक्षा जास्तच.

थांबणं

सगळ्यात अवघड काम हेच. मोठ्या माणसाला शांतता खुपते, म्हणून तो दुसरा प्रश्न टाकतो किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात शाळेतल्या वर्गांत प्रश्नानंतर शिक्षक किती थांबतात ते मोजलं. सरासरी निघाली एका सेकंदाच्या आसपास. तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, उत्तर न देणं कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली. ती मुलं शाळकरी होती. दोन-तीन वर्षांच्या मुलाला प्रश्न ऐकायचा, समजायचा, शब्द शोधायचा आणि जीभ वळवायची, एवढं सगळं करायचं असतं. त्याला पाच सेकंद द्या. बोलायला नुकतंच लागलेल्याला दहा.

मनातल्या मनात सावकाश पाच मोजा. या वेळात भुवया वर, चेहरा मुलाकडं, तोंड बंद. पाच झाले आणि मूल अजून विचारात दिसतंय, ओठ हलतायत, तर आणखी थांबा. लक्ष दुसरीकडं गेलंय असं दिसलं तर तोच प्रश्न सोपा करा: ‘कुठं चाललाय?’ला उत्तर आलं नाही, तर ‘कारखान्यात चाललाय का घरी?’ तरीही नाही, तर उत्तर स्वतः सांगून टाका आणि पुढं चला. ‘कारखान्यात चाललाय.’ यात कुणाचीच हार नाही. उत्तरासाठी अडून बसलात तर पुढच्या दहा प्रश्नांना ते मूल तोंड उघडणार नाही.

सगळ्यांत जास्त घाई कोण करतं बघायचं असेल तर मोठं भावंड बघा. धाकट्यानं तोंड उघडायच्या आत थोरली उत्तर देऊन मोकळी. तिला रागवू नका, काम द्या: ‘तू विचार, आणि तो बोलेपर्यंत बोटांवर पाच मोज.’ मोजायला बसली की ती गप्प राहते.

मेथीची जुडी

वेगळा ‘भाषेचा तास’ काढायची गरज नाही. रोजची कामं पुरतात. अंघोळ, कपड्यांच्या घड्या, दळण घेऊन गिरणीत जाणं, भाजी निवडणं. भाजी निवडणं उत्तम, कारण दोघं एका जागी बसतात, हात कामात असतात, नजर एकाच वस्तूवर असते आणि घाई नसते. शेंगा फोडणंही चांगलं, पण चार वर्षांखालच्या मुलाजवळ भुईमुगाचे दाणे नकोत. घशात किंवा नाकात जातात. मेथी बरी.

आज्जी आणि अडीच वर्षांची नात. बोलणं असं व्हावं:

आज्जी: मेथीला लई माती लागलीय आज.
नात: माती.
आज्जी: व्हय, मुळाला माती लागलीय. कुठं कुठं लागलीय बघ.
नात: (बोट लावून) हितं.
आज्जी: हितं, मुळाला. आता पानं खुडू. कशात टाकायची, टोपलीत का परातीत?
नात: टोपली.
आज्जी: टोपलीत टाकू. टाक.
(दोघी खुडत राहतात. थोडा वेळ कुणीच बोलत नाही.)
नात: आज्जी, किडा!
आज्जी: आगं बया, किडा! काय करतोय गं त्यो?
नात: … पान खातो.
आज्जी: हिरवंगार पान खातोय. आपल्या आधीच जेवायला बसला की!

यात सरळ विचारलेले प्रश्न दोनच आहेत. नात ‘टोपली’ म्हणाली तेव्हा आज्जीनं ‘टोपलीत म्हण’ म्हटलं नाही, ‘टोपलीत टाकू’ म्हणून काम पुढं नेलं. किडा निघाल्यावर ‘किडा टाकून दे, पानं खुड’ म्हटलं नाही. मुलानं काढलेला विषय मिळाला की आपला विषय सोडायचा, कारण ज्यात त्याचा जीव अडकलाय त्याचेच शब्द टिकतात. आणि मधली शांतता. ती कुणी भरून काढली नाही, म्हणून तर नात आपणहून बोलली.

अशी दहा मिनिटं दिवसातून दोनदा मिळाली तरी भरपूर. टीव्ही मात्र बंद. मागं मालिका चालू असली की मोठी माणसंच कमी बोलतात, आणि मुलाला दोन आवाजांतून एक वेगळा काढणं जड जातं.

काय बिघडतं

*पाहुण्यांसमोरचा कार्यक्रम.* ‘काकांना म्हणून दाखव’, ‘मामीला सांग तुझं नाव काय’. अनोळखी माणूस, सगळ्यांच्या नजरा आणि आधीच ठाऊक असलेलं उत्तर. घरात तोंड न मिटणारं मूल इथं आईच्या पदरात तोंड लपवतं. त्याला ‘लाजाळू आहे’ असा शिक्का मारू नका. मुलं ऐकतात आणि तसंच वागायला लागतात.

*हो-नाहीचे प्रश्न.* ‘भूक लागली का?’ ‘मज्जा आली का?’ दिवसभर हेच विचारलं तर मान हलवून काम भागतं. हो-नाही वाईट नाही, पण पुढं एक जोड द्या: ‘मज्जा आली का? जत्रेत कशात बसलास, पाळण्यात का गाडीत?’

*‘आज काय केलंस?’* अंगणवाडीतून किंवा बालवाडीतून आलेल्या मुलाला रोज हा प्रश्न, आणि रोज उत्तर ‘काही नाही’. प्रश्न फार मोठा आहे आणि गोष्टी समोर नाहीत. कुठून सुरुवात करायची तेच मुलाला कळत नाही. लहान तुकडा विचारा: ‘आज खिचडी होती का उसळ?’ ‘तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?’ किंवा आधी आपला दिवस सांगा: ‘आज बाजारात एका म्हशीनं वाटच अडवली.’ मूल लगेच आपलंही काहीतरी पुढं करतं.

*‘का’चा वापर दरडावायला.* ‘का सांडलंस?’ ‘का मारलंस त्याला?’ मुलाच्या कानाला ‘का’ म्हणजे आता बोलणी बसणार, एवढंच कळतं. मग गोष्टीतला ‘ससा का पळाला?’ विचारला तरी ते बिचकतं. सांडलं तर ‘दूध सांडलं. आता कशानं पुसायचं?’ असं विचारा. शब्दही मिळतो आणि फडकंही येतं.

*अर्धी इंग्रजी.* ‘ॲपल खाणार? बघ, बर्ड उडाला. कलर कोणता?’ दोन भाषांनी मूल गोंधळतं असं नाही. दोन भाषा मुलं आरामात शिकतात. अडचण अशी, की नुसती इंग्रजी नावं पेरली तर मुलाला ना मराठी वाक्य पुरतं मिळतं ना इंग्रजी. ज्या भाषेत तुम्ही भांडता, थट्टा करता, गोष्ट रंगवून सांगता, त्याच भाषेत विचारा. इंग्रजी माध्यमात घालणार असाल तरी हेच. घरच्या भाषेत कारण सांगायला, क्रम लावायला शिकलेलं मूल तेच पुढं दुसऱ्या भाषेत नेतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषाच शिकण्याचं माध्यम ठेवायला सांगितलं आहे.

*बोली ‘सुधारणं’.* ‘हितं’, ‘न्हाय’, ‘लई’, मुलींनीही ‘मी जातो’ म्हणणं, हे आपल्याकडचं सरळ बोलणं आहे. पुस्तकी रूपं शाळेत येतातच. तीन वर्षांच्या मुलाला ‘न्हाय काय, नाही म्हण’ केलं तर ते पुढचं वाक्य गिळून टाकतं.

पाच वर्षांच्या मुलासाठी: मुद्दाम चुका

मोठ्या मुलांना प्रश्नापेक्षा अडचण जास्त बोलकं करते. बेंदराला, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या सणाला, मातीचे बैल करतो तेव्हा बघा. पाय बारीक केले की बैल बसतो. तुम्हाला कारण ठाऊक आहे, पण सांगू नका. ‘अरेच्चा, उभाच राहीना. काय करूया?’ एवढं म्हणा आणि हात मागं घ्या. मूल आधी ‘पाय मोडला’ म्हणेल, मग ‘जाड करू’, मग ‘पोट लई मोठं झालंय’. जाड, बारीक, जड, हलकं, आधी, मग, म्हणून, हे सगळे शब्द इथं कामाला लागतात. तुम्ही शिंगं शेपटीच्या जागी लावली तर मूल ओरडून दुरुस्त करेल. ‘मग कुठं लावू? तू सांग, मी लावतो.’ आता हात तुमचे आणि शब्द त्याचे. त्यानं ‘हितं’ म्हटलं तर मुद्दाम न कळल्यासारखं करा: ‘हितं म्हणजे कुठं? कानाच्या पुढं का मागं?’ जागा सांगणारे शब्द यानं जेवढे पक्के होतात तेवढे चित्रातल्या ‘वर-खाली’नं होत नाहीत. फक्त ही थट्टा आहे हे मुलाला कळू द्या. तीनदा न कळल्याचं सोंग केलं की ते चिडतं.

चित्रांचं पुस्तक

पुस्तक वाचून दाखवणं आणि पुस्तकावर बोलणं या दोन गोष्टी आहेत. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट हे अमेरिकी संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये दोन-अडीच वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांना चित्रपुस्तकावर प्रश्न विचारत, मुलाच्या उत्तरात भर घालत वाचायला शिकवलं. महिनाभरात ती मुलं बोलण्यात, नेहमीसारखं वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढं गेली. रीत आपल्या वरच्या फेरीसारखीच: विचारा, दाद द्या, वाढवा, आणि जमलं तर वाढवलेलं वाक्य मुलाकडून एकदा म्हणवून घ्या. म्हणवून घेणं खेळीमेळीत. नाही म्हणालं तर सोडून द्या.

एकच पुस्तक पाच-सहा दिवस चालवा. पहिल्या दिवशी फक्त चित्रं बघा आणि तुम्ही बोला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ‘काय’, ‘कोण’, ‘काय करतोय’. गोष्ट पाठ झाली की वाक्य अर्धवट सोडा: ‘आणि मग म्हातारी म्हणाली…’ पुढचं मूल पूर्ण करतं. शेवटच्या दिवसांत पुस्तकाबाहेर या: ‘आपण घाटावर गेलो होतो तेव्हा तू पाण्यात काय टाकलं होतंस?’ रोज नवं पुस्तक आणून पहिल्याच दिवसाचे प्रश्न रोज विचारणं यात मुलाची भाषा तिथल्या तिथं राहते. पुस्तक नसेल तर लग्नाचा अल्बम काढा. नातेवाईक ओळखीचे असतात, त्यामुळं ‘कोण’, ‘कुणाचा’, ‘काय करतेय’ यांना उत्तरं धडाधड येतात.

दर पानावर प्रश्न नको. दहा पानांच्या पुस्तकात चार-पाच जागी थांबलात तरी पुष्कळ. गोष्ट ऐन रंगात आली असताना तर मुळीच नाही.

अंगणवाडीत

वीस-पंचवीस मुलं समोर असली की ‘सांगा मुलांनो, हे काय आहे?’ आणि ‘आंबाऽऽ!’ असा एकसुरी गजर होतो. तो ऐकायला गोड वाटतो, पण पाच-सहा मुलं म्हणतात आणि बाकीची त्यांच्या मागून ओढतात. कुणाला येत नाही ते ताईंना कळतच नाही.

मदतनीस ताई बाकीच्यांना ठोकळे किंवा चित्रकलेत गुंतवतील तेव्हा चार-पाच जणांचा गट जवळ घ्या. दहा मिनिटं बस्स. आठवड्यात सगळ्यांची पाळी येते. प्रश्न आधी विचारा, थांबा, आणि नाव शेवटी घ्या. नाव आधी घेतलं की बाकीचे चौघे निर्धास्त होतात. गटात बोलकी चार एकत्र आणि गप्प एक असं नको. गप्प राहणारी दोन-तीन एकत्र बसवली की त्यांनाच तोंड उघडावं लागतं. अगदी न बोलणाऱ्याला कृतीनं उत्तर देता येईल असं विचारा: ‘जड कोणतं? हातात घे.’ हातात घेतल्यावर शब्द तुम्ही द्या.

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं हंगामात गटात येतात. बीडकडच्या मुलाचा शब्द वेगळा आला तर तो धरा आणि इथलाही सांगा. जत, मिरज भागात घरी कन्नड बोलणारी मुलं असतात. त्यांनी कन्नडमध्ये उत्तर दिलं तर ते बरोबर उत्तर आहे. ‘हां’ म्हणून मराठी शब्द जोडा. त्या मुलांना सुरुवातीला काही आठवडे, कधी त्याहूनही जास्त, फक्त ऐकायचं असतं, तेवढं ऐकू द्या. आणि ताईंना कन्नडमधले ‘काय’, ‘कुठं’, ‘ये’, ‘पाणी’ एवढे चार शब्द येत असले, तर पहिल्या आठवड्यातलं रडणं बरंच कमी होतं.

दाखवून कधी घ्यायचं

प्रश्न विचारून सगळंच सुटत नाही. एक वर्षाचं होऊनही मूल बोट दाखवत नाही, हाक मारल्यावर वळत नाही. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांचं होऊनही ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नाही. किंवा कोणत्याही वयात येत असलेले शब्द बंद झाले, तर ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ म्हणत थांबू नका. पहिली तपासणी कानाची. सारखी सर्दी, कान वाहणं यामुळं ऐकू कमी येतं आणि घरच्यांना ते कळत नाही, कारण मूल हातवारे बघून काम भागवतं. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना सांगा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. बोलणं, ऐकणं, वाढ यांत काही आढळलं तर पुढच्या तपासणीला मोफत पाठवलं जातं.

उच्चारांची घाई नको. ‘र’चा ‘ल’, ‘ळ’चा ‘ल’ हे चार-पाच वर्षांपर्यंत पुष्कळ मुलांचं होतं. मात्र तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं घरच्यांनाही निम्म्याहून जास्त कळत नसेल तर दाखवा. दोन ते पाच वर्षांत काही मुलं ‘मी-मी-मी येतो’ असं अडखळतात. ‘सावकाश बोल’, ‘परत सांग’ म्हणू नका. आपणच सावकाश बोला, त्या दिवसांत प्रश्न निम्म्यावर आणा आणि मुलाचं वाक्य पुरं होईपर्यंत त्याच्याकडं बघत राहा. अडखळणं सहा महिन्यांच्या पुढं गेलं, किंवा बोलताना मूल डोळे घट्ट मिटू लागलं, मान झटकू लागलं, तर वाचा-उपचार तज्ज्ञांकडं न्या.